रीफची तब्येत तपासायला पाणबुडेच कशाला?

तळठाव

रीफवर, म्हणजे समुद्रतळावरच्या प्रवाळखडकांवर, डाइव्ह मारून वर आलेल्या माणसाला "कशी होती रीफ?" विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. "भन्नाट!" नाहीतर "काही राहिलं नाही हो आता." दोन्ही प्रामाणिक आणि दोन्हींचा उपयोग शून्य. एकाच दिवशी एकाच जागी उतरलेले दोघंजण ही दोन उत्तरं देऊ शकतात, कारण एकाला कासव भेटलेलं असतं आणि दुसऱ्याचा मास्क गळत असतो.

मी स्वयंसेवक म्हणून रीफ सर्वेक्षणाला जातो, शास्त्रज्ञ नाही. ओळखीतले डायव्हर नेहमी विचारतात की तुम्ही खाली जाऊन नेमकं करता काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

हौशी डायव्हरांमध्ये सर्वात पसरलेली पद्धत 'रीफ चेक'ची. तिचं पहिलं जागतिक सर्वेक्षण १९९७ साली झालं. एकाच खोलीला धरून तळावर १०० मीटरची टेप अंथरायची. उथळ पट्टा २ ते ६ मीटर खोलीचा, खोल पट्टा ६ ते १२ मीटरचा. टेपवर २०-२० मीटरचे चार तुकडे पकडायचे आणि दोन तुकड्यांमध्ये ५ मीटर सोडायचे. मग दर अर्ध्या मीटरला दोऱ्याला बांधलेला छोटा ओळंबा खाली सोडायचा आणि तो ज्याला टेकेल तेच लिहायचं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकताच मेलेला प्रवाळ, शेवाळ, स्पंज, खडक, तुटक्या प्रवाळाचा चुरा, वाळू, गाळ, इतर. एका तुकड्यात ४० नोंदी, म्हणजे एका टेपवर १६०. ओळंबा अशासाठी, की माणसाची नजर आपोआप रंगीत, जिवंत गोष्टीकडे सरकते. नुसतं बघून लिहिलं तर टेपखाली वाळू असली तरी शेजारचा प्रवाळच कागदावर येतो.

माशांची मोजणी सगळ्यात आधी. टेप अंथरताना मासे बुजतात, म्हणून त्यानंतर १५ मिनिटं लांब थांबायचं. मग टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि वर ५ मीटर एवढ्या बोगद्यात जे मासे दिसतील तेवढेच मोजायचे. तेही सगळे नाहीत, ठरलेलेच. ३० सेंटिमीटरपेक्षा मोठे ग्रूपर दिसले नाहीत तर तिथे मासेमारी जोरात आहे असा संशय घ्यायचा. पॅरटफिश शेवाळ खातात, ते कमी असले तर प्रवाळावर शेवाळ चढणार. बटरफ्लायफिश मत्स्यालयांसाठी पकडले जातात. जायंट क्लॅम, लॉब्स्टर, समुद्रकाकडी हे माणूस उचलून नेतो. म्हणजे यादी प्राण्यांची असली तरी विचारलेलं असतं ते माणसानं काय केलंय हेच.

हे सगळं पाठीवरच्या हवेच्या एका टाकीत उरकायचं असतं. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे हवाही दुप्पट वेगानं संपते. कामाला लागलं की श्वास वाढतो तो वेगळाच.

निळाई

छान लिहिलंय. मी नुकताच ओपन वॉटर हा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केलाय. माशांमध्ये मला क्लाउनफिश आणि 'तो पिवळा' एवढेच ओळखता येतात. असल्या माणसाला कुणी सर्वेक्षणाला घेईल का?

तळठाव

घेतील, पण नावं येत नाहीत ही अडचण नाहीच. ती आठवडाभरात पाठ होतात. खरी अडचण बॉयन्सीची, म्हणजे न बुडता आणि वर न जाता तरंगत राहण्याची. एका हातात स्लेट, दुसऱ्यात पेन्सिल, नजर टेपवर, आणि अशा वेळी फुप्फुसाच्या जोरावर तळापासून हातभर वर स्थिर राहता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर आपणच फिनच्या टोकानं फांद्या मोडत जातो आणि मागाहून येणारा जोडीदार त्या 'ताजी मोडतोड' म्हणून लिहितो. म्हणून आधी नुसत्या तरंगण्याचा सराव कर, रिकाम्या वाळूवर.

सुरुवातीला कोरलवॉचचा तक्ता वापरून बघ. क्वीन्सलँड विद्यापीठाचा हा उपक्रम २००२ पासून चालू आहे. हातात मावेल एवढं प्लॅस्टिकचं कार्ड असतं, चार कडांना चार रंगछटा, प्रत्येक छटेच्या १ ते ६ पायऱ्या, फिकटाकडून गडदाकडे. एक प्रवाळ निवडायचा, त्याचा सगळ्यात फिकट भाग कुठल्या खुणेशी जुळतो आणि सगळ्यात गडद भाग कुठल्या, एवढं लिहायचं. फांद्यांचा आहे, गोटा आहे, थाळी आहे की मऊ आहे, तेही. असे किमान २० प्रवाळ. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल जेवढं जास्त तेवढा रंग गडद, त्यामुळे रंग हेच तब्येतीचं मोजमाप. स्नॉर्कल लावूनही करता येतं.

खाली लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून कार्ड प्रवाळाच्या शेजारी, त्याच उजेडात धरायचं. वर येऊन फोटोशी जुळवत बसायचं नाही.

उपग्रही

मी रिमोट सेन्सिंगमध्ये काम करतो, तेव्हा जरा उलट बाजूनं बोलतो. राग नसावा.

१०० मीटरच्या टेपनं जगातल्या रीफचा किती भाग तपासून होणार? अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा 'कोरल रीफ वॉच' उपक्रम रोज सगळ्या उष्ण समुद्रांचं तापमान बघतो. पाणी त्या जागेच्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा १ अंशानं वर गेलं की ताण मोजायला सुरुवात. गेल्या १२ आठवड्यांत किती अंश आणि किती आठवडे, यावरून 'डिग्री हीटिंग वीक' निघतो. ४ झाले की लक्षणीय ब्लीचिंगची (आतलं शैवाल जाऊन प्रवाळ पांढरा पडण्याची) अपेक्षा, ८ झाले की तीव्र ब्लीचिंग आणि मृत्यू. २०२३ च्या उन्हाळ्यात ताण इतका चढला की नोआला इशाऱ्याची पट्टीच वर वाढवावी लागली, आता २० च्या वरचीही पायरी आहे. चौथी जागतिक ब्लीचिंग घटना जाहीर झाली ती २०२४ च्या एप्रिलमध्ये, आणि २०२५ पर्यंत जगातल्या ८४ टक्के रीफ क्षेत्राला ब्लीचिंगच्या पातळीची उष्णता लागून गेली होती. हा आकडा काढायला कुणीही भिजलं नाही.

शिवाय अ‍ॅलन कोरल अ‍ॅटलासनं उपग्रहांच्या चित्रांवरून उथळ रीफचे जागतिक नकाशेही केलेत. मग पाणबुडे पाठवायची गरज किती दिवस राहणार?

शिंपलाताई

उपग्रही, तुमच्या ८४ टक्क्यांतच तुमचं उत्तर आहे. ती *उष्णता लागलेल्या* रीफची टक्केवारी आहे. त्यातले किती प्रवाळ मेले हे त्यात नाही. उपग्रह सांगतो ताप किती आहे. पेशंट वाचला का, हे कुणीतरी खाटेपाशी जाऊनच बघावं लागतं.

२०१६ चं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर विमानातून ९११ रीफ बघितल्या गेल्या आणि त्यातल्या ९३ टक्क्यांवर कमी-जास्त ब्लीचिंग आढळलं. बातमी तिथेच थांबली आणि बऱ्याच लोकांनी समजून घेतलं की ९३ टक्के रीफ मेली. वरून पांढरं दिसलं त्याची खातरजमा करायला पाणबुडे त्याच वेळी खाली उतरले, आणि काही महिन्यांनी परत त्याच जागी गेले. तेव्हा कळलं की नऊ महिन्यांत उथळ पाण्यातले साधारण ३० टक्के प्रवाळ गेले, आणि तेही बहुतांश उत्तरेकडे. 'ब्लीच झालं' आणि 'मेलं' यांतलं अंतर पाण्याखाली मोजलं गेलं.

पांढरा प्रवाळ दिसला की मी काय बघते ते सांगते, कारण माझ्या मते डायव्हरचं खरं काम इथेच आहे.

आधी वीतभर अंतरावर जाऊन टॉर्च मारायचा. ब्लीच झालेला प्रवाळ काचेसारखा पारदर्शक असतो. पेशी जागेवर असतात, पॉलिप म्हणजे प्रवाळाचे इवलेसे जीव असतात, फक्त आतलं शैवाल गेल्यामुळे खालचा पांढरा सांगाडा दिसतो. पृष्ठभाग बुळबुळीत वाटतो, क्वचित पॉलिपचे टेंटॅकल, म्हणजे बारीक स्पर्शिका, हलतानाही दिसतात. हा जिवंत आहे, उपाशी आहे. मेलेल्याच्या सांगाड्यातल्या, पॉलिप बसायच्या वाट्यांच्या कडा धारदार आणि उघड्या दिसतात, पेशीचा पातळ पडदा नसतो. हे कोरं पांढरेपण फार दिवस टिकत नाही. थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी लव चढते आणि नंतर तो कधी मेला हे सांगता येत नाही. म्हणून 'नुकताच मेलेला' हा वेगळा रकाना असतो आणि म्हणूनच वेळेवर जाणं महत्त्वाचं.

मग कडेकडे बघायचं. पांढऱ्या आणि जिवंत भागाची सीमा कशी आहे? निरोगी भाग, मग एकदम स्वच्छ पांढरा चट्टा, आणि फांदीच्या खालच्या बाजूला किंवा कपारीत काटेरी मुकुटाचा तारामासा बसलेला, तर त्यानं खाल्लंय. हा प्राणी पोट बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि पेशी जागेवरच पचवतो, एक मोठा तारामासा वर्षाला १० चौरस मीटरपर्यंत प्रवाळ संपवतो. दिवसा तो लपतो, म्हणून खाली वाकून बघावं लागतं. तारामासा नसेल तर ड्रुपेला गोगलगायी शोधायच्या, बोटाच्या पेराएवढ्या, फांद्यांच्या बुंध्याशी घोळक्यानं असतात. चट्टा लहान, सांगाडाही खरवडलेला आणि दातांचे जोडीनं ओरखडे असतील तर पॅरटफिश. त्याची काळजी नको.

आणि जिवंत पेशी, मग पांढरा पट्टा, मग शेवाळ चढलेला जुना सांगाडा, असा क्रम एकाच प्रवाळावर सरकत गेलेला दिसला तर रोग. हे उपग्रहाला दिसणं शक्यच नाही, आणि बहुतेक वेळा हजारो रुपयांच्या ड्रोनलाही नाही.

वाटसरू२

ताई, हे वाचून टॉर्च घेऊन पाण्यात उडी मारावीशी वाटली.

एक शंका. रोग आधी कुणाला दिसतो? शास्त्रज्ञांना की रोज तिथे जाणाऱ्या डायव्हरांना?

शिंपलाताई

दोन्ही प्रकार झालेत. फ्लोरिडात २०१४ साली मायामीजवळ एक रोग दिसला, ज्याला आता स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज म्हणतात. २० हून अधिक जातींच्या कठीण प्रवाळांना होतो, काही जातींमध्ये अख्खी वसाहत काही आठवड्यांत साफ. तो पुढे कॅरिबियनच्या एकेका बेटावर कधी पोहोचला याचा नकाशा तयार झाला तो मुख्यतः पाण्यात उतरणाऱ्यांच्या नोंदींवरून. 'अग्रा' ही अटलांटिक बाजूची सर्वेक्षण पद्धत नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून चालू असल्यामुळे रोग येण्याआधीची आकडेवारी हाताशी होती. ती नसती तर किती गेलं हे कशाच्या तुलनेत सांगणार?

दुसरं उदाहरण डायाडेमाचं, लांब काळ्या काट्यांचा सी-अर्चिन. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमध्ये हे ९० टक्क्यांहून जास्त मेले. ते शेवाळ खायचे. ते गेल्यावर जमैकाच्या रीफवर शेवाळानं जे पांघरूण घातलं ते वर्षानुवर्षं निघालं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तिथे ५० टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रवाळाचं आच्छादन (तळाचा जिवंत प्रवाळानं झाकलेला भाग) नव्वदच्या सुरुवातीला ५ टक्क्यांच्या खाली. अर्थात त्यात चक्रीवादळं आणि वर्षानुवर्षांची बेसुमार मासेमारीही होती. पुढे २०२२ च्या सुरुवातीला सेंट थॉमसला काटे गळालेले अर्चिन पुन्हा दिसू लागले. या वेळी मात्र ठिकठिकाणचे डायव्हर लगेच कळवत गेले, नमुने लवकर प्रयोगशाळेत पोहोचले आणि २०२३ मध्ये कारण सापडलं, एक सूक्ष्म एकपेशीय सिलिएट. आधीच्या साथीचं कारण तेव्हा कधीच सापडलं नव्हतं.

या रोगांमुळे एक नियम आलाय तोही सांगते: रोग असलेल्या जागेवरून दुसऱ्या जागी जाताना वेटसूट, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट), टेप, सगळं निर्जंतुक करायचं. आपणच वाहक होऊ नये.

आकडेमोड

सगळं ठीक आहे, पण धाग्यावर जरा जास्तच गोड वारं वाहतंय. मी आकडेवारीच्या बाजूनं बोलतो.

पहिलं, पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतर जवळ दिसते. नवशिक्याचा ३० सेंटिमीटरचा ग्रूपर प्रत्यक्षात साडेबावीसचा असतो. तुमची यादी '३० च्या वरचे' म्हणते, म्हणजे एका चुकीच्या अंदाजानं शून्याचे पाच होतात.

दुसरं, माणसागणिक फरक. एकाच टेपवर दोघांना पाठवा, प्रवाळाची टक्केवारी वेगळी येणार. हा फरक किती आहे ते माहीत नसेल तर यंदा २८ आणि गेल्या वर्षी ३२ यातून काय समजायचं? कदाचित यंदा फक्त माणूस बदलला असेल.

तिसरं, १६० बिंदूंतला एक बिंदू म्हणजे ०.६ टक्के. एवढ्याशा नमुन्यावर दोन-चार टक्क्यांच्या बदलाबद्दल बोलणं म्हणजे हवेत बाण.

चौथं, बुडबुडे. मोठे मासे, विशेषतः जिथे भाल्यानं मासेमारी होते तिथले, डायव्हरला बघून लांब जातात. रीब्रीदर वापरून म्हणजे बुडबुड्यांशिवाय मोजणी केली की मासेमारी होणाऱ्या जागी संख्या वाढलेली आढळलीय. मग रिकामी दिसणारी रीफ खरोखर रिकामी आहे की फक्त घाबरलेली?

तळठाव

हेच प्रश्न हवे होते. क्रमानं घेतो.

आकारासाठी प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या माशांच्या प्रतिकृती वेगवेगळ्या मापांच्या कापून पाण्यात टांगतात आणि डायव्हरला अंदाज लिहायला लावतात. अंदाज ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत माशांची स्लेट हातात मिळत नाही. मोजणीच्या दिवशीही स्लेटच्या कडेवर सेंटिमीटरच्या खुणा असतात.

माणसागणिक फरकासाठी दर मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांनी एकाच टेपवर जायचं आणि नोंदी ताडून बघायच्या. चांगले गट हा फरक लपवत नाहीत, अहवालात लिहितात. १६० बिंदूंबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणूनच एका टेपवरून कुणी शहाण्यानं निष्कर्ष काढू नये. एका जागी अनेक टेपा आणि अनेक जागा, त्याही वर्षानुवर्षं.

बुडबुड्यांवर उत्तर नाही. पण मासे घाबरत असतील तर दरवर्षी साधारण तसेच घाबरतील, या आशेवर तुलना चालते. मासेमारी थांबली आणि मासे धीट झाले तर मात्र वाढ फुगून दिसेल, हे मान्य.

आकडेमोड

"आशेवर तुलना" हे प्रामाणिक होतं, आवडलं.

खुणेच्या खुंट्यांचा विषय काढाल असं वाटलं होतं. कायमच्या खुंट्या ठोकून त्याच रेषेवर दरवर्षी टेप अंथरली तर बदल पकडायला खूप कमी टेपा लागतात, कारण जागेजागेतला फरक गणितातून निघून जातो. पण मग ती एकच रेष आपण ओळखतो, आख्खी रीफ नाही. दरवेळी जागा चिठ्ठ्या टाकून निवडली तर उलट. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मध्येच बदलायचं नाही. पाच वर्षं खुंट्या आणि सहाव्या वर्षी "जीपीएसवरून जवळपास उतरलो" असं केलेलं बघितलंय, ती सहा वर्षं एकत्र जोडताच येत नाहीत.

भोवरा

मँटा टो, म्हणजे बोटीमागे ओढलं जात रीफ बघणं, याबद्दल कुणी बोललं नाही अजून! माझा आवडता प्रकार.

ऑस्ट्रेलियाची एम्स ही सागरी विज्ञान संस्था ग्रेट बॅरिअर रीफवर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून करते. छोट्या बोटीमागे दोर, दोराला फळी, फळीला धरून स्नॉर्कल लावलेला निरीक्षक. बोट चालते ताशी ४ किलोमीटरच्या आसपास, रीफच्या कडेनं पूर्ण फेरी. दोन मिनिटं बघायचं, बोट थांबते, लिहायचं: जिवंत प्रवाळाचं आच्छादन टक्केवारीच्या कितव्या गटात, तारामासे किती, त्यांनी खाल्लेले चट्टे किती. परत दोन मिनिटं. हात भरून येतात, थंडी वाजते, आणि शार्क तुमच्याकडे आमिष म्हणून बघतोय अशी शंका सतत. पण टेपवाल्यांना दिवसभरात जे जमणार नाही तेवढी रीफ यात सकाळी बघून होते.

आकडेमोड

आणि त्याच मालिकेमुळे एक मोठा घोळ झाला, तोही लिहूया.

२०१२ मध्ये त्या नोंदींवरून निघालं की १९८५ पासून प्रवाळाचं आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ वर आलं. घट कुणामुळे? वादळं ४८ टक्के, काटेरी तारामासे ४२ टक्के, ब्लीचिंग १० टक्के. ही कारणांची विभागणी शक्य झाली कारण कुणीतरी दोराला लोंबकळून चट्टे मोजत होतं, एवढं पाणबुड्यांचं श्रेय मी खुशीनं देतो.

मग २०२२ चा अहवाल: उत्तर भागात ३६ टक्के, मध्य भागात ३३, छत्तीस वर्षांतलं सर्वाधिक. झालं, लगेच "रीफला काही झालेलंच नाही" अशा मथळ्यांचा पूर. आकडा खोटा नव्हता. पण वाढ मुख्यतः अ‍ॅक्रोपोरा जातींची होती, फांद्यांचे आणि थाळीच्या आकाराचे प्रवाळ, जे झपाट्यानं वाढतात. तेच उष्णतेला सर्वात आधी मान टाकतात, वादळात आधी मोडतात आणि तारामाशांनाही तेच आवडतात. अहवालातच हा इशारा होता, मथळ्यात नव्हता. २०२५ च्या अहवालात उत्तर भाग एका वर्षात ३९.८ वरून ३० वर आणि दक्षिण भाग ३८.९ वरून २६.९ वर. मालिका सुरू झाल्यापासून त्या दोन भागांतली वर्षभरातली सर्वात मोठी घसरण.

म्हणून मला नुसता 'कठीण प्रवाळ' असा एक रकाना खटकतो. शंभर वर्षांचा गोटा आणि तीन वर्षांची फांदी त्यात सारखीच मोजली जाते.

शिंपलाताई

याला शंभर वेळा अनुमोदन. किमान आकार तरी लिहा: फांद्या, थाळी, गोटा, कवच. जातीपर्यंत जायची गरज नाही. स्वयंसेवकाला हे एका दुपारी शिकवता येतं आणि आकडेमोड म्हणतात तो घोळ अर्धा मिटतो. आणि ५ सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लं वेगळी मोजा, पुढच्या काही वर्षांचा अंदाज त्यांच्यावरून येतो.

वाटसरू२

मग सरळ फोटोच का काढू नयेत? टेपच्या कडेनं ठरावीक उंचीवरून फोटो घेत जायचं, वर येऊन संगणकावर बिंदू टाकायचे. कोरलनेट, रीफक्लाउड या संगणक प्रणालींत आता बरीच ओळख आपोआप होते. ग्रेट रीफ सेन्ससमध्ये तर डायव्हर फक्त फोटो टाकतात आणि घरी बसलेले लोक ते तपासतात. माणूस बदलला तरी फोटो तोच राहतो, आकडेमोडांची तक्रारच मिटली. अनेक फोटो जोडून त्रिमितीय प्रतिकृतीही होते.

शिंपलाताई

फोटो काढाच, मी विरोधात नाही. दहा वर्षांनी नवीन प्रश्न पडला तर जुना फोटो परत बघता येतो, स्लेट नाही. पण फोटो वरून काढलेला असतो. थाळीखाली काय, कपारीत काय, चट्ट्याच्या मागे तारामासा आहे का, हे त्यात येत नाही. आणि फोटो बघायला दोन महिने लागले तर रोग तोवर पुढच्या खाडीत पोहोचलेला असतो.

भोवरा

आता जरा कटू बोलतो. मोजून होतंय काय? पाणी तापतंय ते कार्बनमुळे. आपण दरवर्षी खाली जाऊन किती मेलं याची अचूक नोंद करायची, अहवाल छापायचा, परत पुढच्या वर्षी. कधीकधी वाटतं की हे सर्वेक्षण नाही, पंचनामा आहे.

तळठाव

अंशतः पटतं. तापमानावर स्लेटचा इलाज नाही. पण इलाज नाही म्हणताना सगळीच कारणं एकत्र करू नका.

काटेरी तारामाशांचं बघा. उद्रेक कुठे होतोय हे मँटा टो आणि पाणबुड्यांच्या फेऱ्यांतून कळतं, मग त्याच रीफवर इंजेक्शनवाले जातात. पूर्वी एकेका तारामाशाला अनेक ठिकाणी टोचावं लागायचं, आता पित्तक्षारांचं एकच इंजेक्शन पुरतं. फ्लोरिडात टिश्यू लॉस झालेल्या मोठ्या, जुन्या प्रवाळांच्या चट्ट्याच्या कडेला डायव्हर हातानं अ‍ॅमॉक्सिसिलिनची पेस्ट लावतात. रोग संपत नाही, पण ती वसाहत बऱ्याचदा वाचते. थायलंडनं २०१६ च्या ब्लीचिंगमध्ये दहा लोकप्रिय डाइव्ह साइट बंद केल्या, निदान आधीच उपाशी असलेल्या प्रवाळावर पर्यटकांच्या फिनचा मार तरी नको म्हणून.

आणि जगभरच्या या वह्या एकत्र केल्या तेव्हाच २०२१ च्या जागतिक अहवालात सांगता आलं की २००९ ते २०१८ या काळात जगातले सुमारे १४ टक्के प्रवाळ गेले. ७३ देश, १२ हजारांवर जागा, जवळजवळ २० लाख नोंदी. पंचनामा म्हणा हवं तर. पण त्यातच हेही होतं की मध्ये पुरेशी शांत वर्षं मिळाली तर अनेक रीफ सावरतात. ते मोजलं नसतं तर तुमच्या आणि माझ्या निराशेला कुणी अडवलं नसतं.

उपग्रही

बरंय, माघार नाही पण तह करतो. आमचा इशारा चढला की तुम्ही कुठे उतरायचं ते ठरवा, तुम्ही खाली बघितलेलं आम्हाला द्या म्हणजे आमचे उंबरठे दुरुस्त होतील. काही रीफ ८ वर मरत नाहीत आणि काही ५ वरच झोपतात, ते आम्हाला वरून कळणारच नाही.

निळाई

मी आठवड्यातून दोनदा वाळूवर तरंगायचा सराव सुरू केलाय. दोन बाळबोध प्रश्न: पाण्याखाली लिहायचं कशानं? आणि टेपवर एखाद्या रकान्यातलं काहीच दिसलं नाही तर तो रिकामा सोडायचा का?

तळठाव

साधी शिसपेन्सिल, दोऱ्यानं स्लेटला बांधलेली. एक जास्तीची बीसीडीच्या खिशात. स्लेट किंवा जलरोधक कागद, दोन्ही चालतं. वर आल्यावर त्याच संध्याकाळी नोंदी संगणकात चढवायच्या, जोडीदारासमोर बसून. दुसऱ्या दिवशी स्वतःचं अक्षर स्वतःला लागत नाही.

आकडेमोड

रिकामा अजिबात सोडू नका. बघितलं आणि नाही सापडलं तर ० लिहा. हवा संपली, गढूळ होतं, बघायचं राहिलं, तर आडवी रेघ मारा आणि शेऱ्यात कारण लिहा. रिकाम्या चौकटीचा अर्थ नंतर कुणालाच लावता येत नाही आणि माझ्यासारखा माणूस मग ती अख्खी टेपच बाद करतो.

निळाई

० आणि आडवी रेघ. नोंद केली. तारामाशांच्या रकान्यात बरीच ० मिळोत.